‘ओळखलंस का मला?’ हा प्रश्न आधी बंद करू या

संयोजकांनी पत्रिकेवर विषय छापलाय: ‘मेंदूला मार लागलेला रुग्ण घरी आल्यानंतरचे सहा महिने’. त्यावर बोलायचंच आहे. पण त्याआधी पाच मिनिटं एका प्रश्नाला द्या. समोर नर्सिंगच्या विद्यार्थिनी आहेत, रुग्णांचे नातेवाईक आहेत, काही फिजिओथेरपिस्टही दिसतायत. म्हणजे डोक्याचा मार म्हणजे काय इथपासून सुरुवात करायला नको.

तो प्रश्न वॉर्डात भेटीच्या वेळेत रोज ऐकू येतो. बाइकवरून पडलेला पंचविशीतला मुलगा. हेल्मेट होतं, हँडलला अडकवलेलं. रक्ताची गाठ काढली, व्हेंटिलेटर सुटला, आयसीयूतून वॉर्डात आणला. डोळे उघडतो, मान हलवतो, मधूनच दोन शब्द बोलतो. आणि गावाकडून जीप भरून माणसं येतात. पहिले पुढे होतात विलासकाका. खाटेवर ओणवे होऊन, मार कानाला लागलाय अशा आवाजात: ‘ओळखलंस का मला? कोण मी? नाव सांग बघू!’ मुलगा नुसता बघतो. ‘अरे सांग की!’ मागून आत्या: ‘आणि मी कोण रे सोन्या?’ तिसऱ्याने मोबाइल धरलेला, कारण व्हिडिओ ग्रुपवर टाकायचाय. ‘अंगठा वर कर. कर ना. काल केला होतास.’ मुलगा शेवटी सुटका करून घ्यायला म्हणतो, ‘दीपकमामा’. काका हसत हसत मागे सरकतात आणि व्हरांड्यात जाऊन डोळे पुसतात. दोन तासांत अशा सात-आठ तोंडी परीक्षा होतात. रात्री तो सलाइन उपटतो, आईला शिव्या घालतो, आणि ऐकून घ्यावं लागतं ड्यूटीवरच्या सिस्टरला: ‘तुम्ही दिलंत तरी काय त्याला? दुपारपर्यंत चांगला होता.’

हसताय, म्हणजे बघितलेलं आहे. काकांची माया खोटी नाही. पाच तास प्रवास करून माणूस येतो ते काही गंमत म्हणून नव्हे. पण त्यांनी विचारलेला प्रश्न निरुपद्रवी नाही, आणि का नाही हे समजून घेतलं तर घरी आल्यानंतरचं अर्धं काम त्यातच येतं.

बेशुद्धी संपली की शुद्ध आली, असं आपण धरून चालतो. मधे एक पट्टा असतो. डोळे उघडे, बोलणं चालू, कधी कधी चालणंसुद्धा चालू. पण नवी आठवण साठतच नाही. सकाळी काय खाल्लं, आत्ता कोण येऊन गेलं, आपण कुठे आहोत, काही टिकत नाही. डॉक्टर याला पीटीए म्हणतात, म्हणजे पोस्ट-ट्रॉमॅटिक ॲम्नेशिया, मारानंतरचा विसर. याचं कारण कवटीच्या रचनेत आहे. मेंदू आत हिंदकळतो, आणि कवटीचा तळ कपाळामागे आणि कानशिलांच्या आत चांगलाच ओबडधोबड असतो, हाडांच्या धारा असतात तिथे. म्हणून मार मागून लागला तरी खरचटतात ते पुढचे आणि कानशिलाजवळचे भाग. लक्ष, आठवण, संयम, पुढाकार या सगळ्यांची सूत्रं तिथूनच हलतात. शिवाय मेंदूतले लांब तंतू ताणले जातात, आणि ते साध्या सीटी स्कॅनमध्ये बहुतेक वेळा दिसत नाहीत. ‘सीटी नॉर्मल आहे, मग हा असा का वागतो?’ या प्रश्नाचं उत्तर बऱ्याचदा तिथे असतं.

हा पीटीए काही तास टिकतो, काही आठवडे, कधी महिनेही. जितका लांबतो तितकी पुढची वाट लांब, हा अंदाज बऱ्यापैकी खरा ठरतो. घरचे मात्र जीसीएसला, म्हणजे ग्लासगो कोमा स्केलच्या आकड्याला, धरून बसतात. ग्लासगोच्या टीसडेल आणि जेनेट यांनी १९७४ साली ही मोजपट्टी दिली (आज ती ३ ते १५ अशी मोजतात), ती बेशुद्धी किती खोल आहे हे खाटेपाशी झटपट कळावं म्हणून. चौदा-पंधरा झाला म्हणून पेढे जरूर वाटा. पण तो आकडा रुग्णाला आजचा वार उद्या आठवेल का, हे सांगत नाही. त्यासाठी वेगळ्या प्रश्नावल्या आहेत. सिडनीच्या वेस्टमीड रुग्णालयातली सगळ्यांत सुटसुटीत: बारा प्रश्न, दिवसातून एकदा. सलग तीन दिवस बारापैकी बारा आले की पीटीए संपला असं धरतात.

आता इथे कोणीतरी म्हणणारच, की डॉक्टरही विचारतातच ना, ‘आज वार कोणता?’ विचारतात. एकदा. मोजायला. सासऱ्यांनी, मेहुण्याने, शेजारच्या कुलकर्ण्यांनी आणि त्यांच्या जावयाने मोजायची गरज नाही.

मोजण्यात नुकसान काय, ते सांगतो. आठवणी दोन प्रकारे साठतात. एक, आपल्याला सांगता येते ती: काल काका आले होते. दुसरी, हातातोंडात नकळत बसते ती: सायकल चालवणं, ठरलेल्या प्रश्नाला ठरलेलं उत्तर तोंडातून येणं. मेंदूच्या माराने पहिली कोलमडते, दुसरी बऱ्यापैकी शाबूत राहते. आता मुलाने काकांना ‘दीपकमामा’ म्हटलं. तुम्ही म्हणालात, ‘चूक! मी विलासकाका.’ ‘चूक’ हे पहिल्या खात्यात जातं आणि पुसलं जातं. काकांचा चेहरा आणि ‘दीपकमामा’ ही जोडी दुसऱ्या खात्यात जाते, आणि टिकते. दुसऱ्या दिवशी पुन्हा दीपकमामा. तिसऱ्या दिवशी आणखी पक्कं. तुम्ही परीक्षा घेताय असं तुम्हाला वाटतं. प्रत्यक्षात चुकीचं उत्तर त्याच्याकडून घोटून घेताय. ब्रिटनमध्ये ॲलन बॅडली आणि बार्बरा विल्सन यांनी १९९४ साली हे प्रयोगाने दाखवलं: स्मृती गेलेल्या माणसाला अंदाज करायला न लावता, चूक होऊच न देता शिकवलं तर तो जास्त शिकतो. शाळेत आपल्याला बरोबर उलटं शिकवलेलं असतं, चुकत चुकत शिका म्हणून. ते ज्याला आपली चूक आठवते त्याच्यासाठी ठीक आहे.

मग करायचं काय? विचारायचं नाही, सांगायचं. समोरून जायचं, चेहऱ्याच्या पातळीला बसायचं, नेहमीच्या आवाजात: ‘राहुल, मी विलासकाका. गावाहून आलोय. तुझा अपघात झाला, डोक्याला मार लागला, आता बरा होतोयस. आज मंगळवार, संध्याकाळ आहे.’ चार-पाच वाक्यं. प्रत्येकाने तीच, त्याच क्रमाने. एका कागदावर लिहून खाटेच्या डोक्याशी चिकटवा आणि येणाऱ्याला आधी तो वाचायला लावा. मग दहा सेकंद गप्प बसा. या मेंदूला उत्तर शोधायला वेळ लागतो. आपण तीन सेकंदांत दुसरं वाक्य टाकतो आणि त्याची जुळवाजुळव मोडते.

नाव खरंच पाठ व्हावं असं वाटत असेल तर त्याचीही रीत आहे. ‘मी विलासकाका. मी कोण?’ ‘विलासकाका.’ उत्तर समोरच ठेवलंय, चुकायला जागाच नाही. मग एक मिनिटाने तेच. जमलं तर दोन मिनिटांनी, मग चार, मग आठ. अडखळला की लगेच, अर्धा सेकंदही न ताणता, उत्तर आपण द्यायचं आणि आधीच्या जमलेल्या अंतरावर परत यायचं. औषधाच्या डबीची जागा, वॉकरचा ब्रेक लावणं, बाथरूमची दिशा, सगळं असंच शिकवता येतं. मात्र हे पीटीएतून बाहेर येताना आणि आल्यावर. भर गोंधळात असताना नुसतं सांगणं पुरे.

आणखी एक. या काळात रुग्ण बिनदिक्कत सांगतो, ‘काल नाशिकला जाऊन आलो.’ घरचे म्हणतात, खोटं बोलायला लागला. तो खोटं बोलत नाही. आठवणीतली भोकं मेंदू हाताला येईल त्या कापडाने शिवतो. वाद घालू नका, ‘कुठलं नाशिक? पाय बघ तुझा!’ असं तर मुळीच नको. ‘तू इथे पुण्यात, हॉस्पिटलमध्ये आहेस, आई इथेच आहे,’ एवढं एकदा म्हणा आणि विषय बदला.

आता त्या सलाइन उपटण्याकडे. कॅलिफोर्नियातल्या रँचो लॉस अमिगोस रुग्णालयात १९७२ साली सुधारणेच्या आठ पायऱ्या लिहून काढल्या. त्यातली चौथी पायरी म्हणजे हीच: गोंधळलेला, चवताळलेला, नळ्या ओढणारा, थुंकणारा, शिव्या देणारा. घरात याच वेळी कुजबुज सुरू होते की वेड लागलं, बाहेरचं काही आहे. अंगारा कपाळाला लावायला कोणाची हरकत नाही, टाक्यांवर नको. पण लक्षात घ्या, हा माणूस दुसरी आणि तिसरी पायरी चढून चौथीवर आलाय. चिन्ह सुधारणेचं आहे.

तेव्हा आधी शरीराकडे बघा: ताप, तुंबलेली लघवी, तीन दिवस न झालेली शौच, कॅथेटरचा ताण, न सांगता येणारं मोडलेलं हाड. दुखतंय हे त्याला सांगता येत नाही, म्हणून तो हात चालवतो. मग खोली बघा: टीव्ही बंद, ट्यूब मंद, एका वेळी एक माणूस, फार तर दोन, आणि दोघांपैकी एकच बोलणारा. भेट दहा-पंधरा मिनिटांची. हात बांधले की बहुधा तो आणखी चवताळतो. जमेल तिथे हातमोज्यासारखे जाड मिटन वापरतात. आणि ‘झोपेचं द्या ना काहीतरी’ म्हणून डॉक्टरांच्या मागे लागू नका. गुंगीची काही औषधं हा गोंधळाचाच काळ लांबवू शकतात. कुठलं, किती, हे त्यांना ठरवू द्या.

‘मग आम्ही यायचंच नाही का?’ यायचं. आपल्या माणसाच्या आवाजाला मोल आहे, ते तपासूनही बघितलंय. अमेरिकेत २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, अजून धड शुद्धीवर न आलेल्या रुग्णांना घरच्यांनी सांगितलेल्या ओळखीच्या गोष्टी रेकॉर्ड करून हेडफोनवर ऐकवल्या, दिवसातून चार वेळा, सहा आठवडे. ज्यांना ऐकवल्या त्यांच्यात प्रतिसाद जास्त सुधारला. रुग्ण फक्त पंधरा होते, तेव्हा याला रामबाण समजू नका. पण खर्च मोबाइलचा, आणि सातासमुद्रापलीकडच्या भावालाही करता येण्यासारखं काम आहे. ‘राहुल, मी दादा. आपण आजोळच्या विहिरीत पोहायला शिकलो, तू दोरी सोडायला तयार नव्हतास...’ अशी एखादीच खरी घडलेली गोष्ट, सलग, पाच मिनिटं. ‘लवकर बरा हो, देव तुझ्या पाठीशी आहे’ हे पाच मिनिटं कोणी बोलू शकत नाही, म्हणून गोष्टच हवी. दिवसभर भजन किंवा एफएम लावून ठेवणं हा उपचार नव्हे. त्या मेंदूला तो नुसता कालवा.

संयोजकांची चिठ्ठी आली आहे. बारा मिनिटं. आणि छापलेला विषय अजून दारातच उभा आहे. तर आता घरी येऊ, आणि जरा भरभर.

घर लावताना तेच धोरण: घराने विचारू नये, सांगावं. भिंतीवर कालनिर्णय असतंच, पण तिथी, सण, संकष्टी, भविष्य यांच्या गर्दीत या रुग्णाला आजची तारीख सापडत नाही. रोज एक पान फाडायचं असं, मोठ्या आकड्याचं डेट कॅलेंडर आणा, आणि पान त्यानेच फाडू दे, रोज चहाच्या आधी. शेजारी पांढरा बोर्ड, त्यावर दिवसाची पाच-सहाच कामं, वेळेसकट. खिशात मावेल अशी वही: डाव्या पानावर ‘आज करायचं’, उजव्या पानावर ‘झालं’. ‘झालं’ त्याच्याच हाताने लिहायचं, वाकडं असलं तरी. संध्याकाळी ‘आज काय काय केलंस?’ विचारण्याऐवजी वही उघडून दोघांनी मिळून वाचायची.

खाणंपिणं. गिळण्याची तपासणी झाल्याशिवाय तोंडाने काही नाही, यात तीर्थ आणि गंगाजलही आलं. सगळ्यांत धोकादायक असतं ते पातळच: पाणी, चहा, ताक. ते घशात थांबत नाही, सरळ श्वासनलिकेत जाऊ शकतं. नाचणीची दाट पेज त्यापेक्षा पुष्कळदा सोपी जाते, पण किती दाट हे थेरपिस्ट सांगतील तसं. पूर्ण जागा असताना, ताठ बसवून, हनुवटी थोडी खाली, छोटा चमचा, गिळल्याचं दिसल्याशिवाय दुसरा घास नाही, आणि जेवणानंतर अर्धा तास आडवं करायचं नाही. घासागणिक खोकला येत असेल किंवा जेवल्यावर आवाज घोगरा, ओला येत असेल तर थांबवा आणि कळवा. नळीतून भरवत असाल तरी बसवूनच.

कवटीचं हाड काढून ठेवलं असेल, आपल्याकडे बरेचदा ते पोटाच्या कातडीखाली ठेवतात, तर डोक्याच्या ज्या बाजूचं हाड काढलंय त्या कुशीवर झोपवायचं नाही आणि उभं करताना डोक्याला हेल्मेट. हाड परत बसेपर्यंत. तो खळगा अचानक फुगला, किंवा फार खोल गेला आणि त्याबरोबर सुस्ती, डोकेदुखी वाढली, तर वाट बघू नका.

फिट. मारानंतर कित्येक महिन्यांनीसुद्धा येऊ शकते. कुशीवर वळवा, आजूबाजूचं टणक सामान सरकवा, गळ्याजवळचं सैल करा आणि घड्याळ बघा. तोंडात चमचा नाही, पाणी नाही, नाकाला कांदा नाही, चप्पल नाही. कांदा हुंगवूनही फिट थांबते, कारण बहुतेक फिट दोन-तीन मिनिटांत आपोआपच थांबतात. श्रेय कांद्याला जातं. पाच मिनिटं उलटली, किंवा शुद्ध न येता दुसरी आली, तर १०८. फिटची गोळी ‘आता येत नाही ना’ म्हणून मनाने बंद केली की जोरात परत येण्याचा धोका असतो. दारू एकदम बंद, लग्नातला ‘एक पेग’सुद्धा. फिटचा धोका वाढतो आणि आधीच ढिला झालेला संयम उरलासुरलाही जातो.

वागणं. इथेच घरं मोडतात, म्हणून खरं तर इथेच जास्त बोलायला हवं होतं. तीन गोष्टी. पहिली, पुढाकार जातो. सांगितलं की करतो, न सांगता तासभर बसून राहतो, आणि लोक म्हणतात, आयतं खायची सवय लागली. तो आळस नाही, सुरुवात करून देणारा भाग जखमी आहे. ‘आंघोळ कर’ म्हणण्यापेक्षा टॉवेल हातात द्या, बादली भरून ठेवा, ‘आधी डोक्यावर पाणी’ म्हणा. हळूहळू यातला एकेक आधार काढत जा, शेवटचा आधी. दुसरी, राग. ठिणगीला आग. भडकायच्या आधी खुणा असतात, आवाज चढतो, येरझाऱ्या सुरू होतात, मूठ वळते. तेव्हाच विषय सोडून जागा बदला. समजावणं भडकल्यावर नाही, दुसऱ्या दिवशी सकाळी, दोन वाक्यांत. तिसरी, थकवा. दहा मिनिटं वर्तमानपत्र वाचून हा माणूस इतका दमतो, की दुपारचा राग बहुतेकदा त्या थकव्याचाच असतो. जड काम सकाळी, दर कामानंतर विश्रांती, दुपारी अर्ध्या तासाची झोप, तीही तीनच्या आत. नाहीतर रात्र जाते.

आणि त्याला स्वतःला यातलं काहीच बिघडलेलं दिसत नाही, हा आजाराचाच भाग. म्हणून गाडीची किल्ली घरात ठेवू नका, डॉक्टरांनी लेखी सांगेपर्यंत. यूपीआयची रोजची मर्यादा बँकेच्या ॲपमध्ये कमी करून ठेवा. ओटीपी विचारणाऱ्या भामट्यांना इतकं सोपं गिऱ्हाईक मिळत नाही. वासाची जाणीव जाते कित्येकांची, आणि रुग्ण ते सांगत नाही कारण त्याला कळतच नाही. एकटा स्वयंपाकघरात असेल तर सिलिंडरचा रेग्युलेटर बंद, आणि फ्रिजमधल्या डब्यांवर तारीख.

सांभाळणारी बहुधा एकच असते, बायको नाहीतर आई. ज्यांना वॉर्डात गर्दी करून मदत करायची होती त्यांनी आता ती करावी: आठवड्यातली एक ठरलेली दुपार, तीन तास, त्याच माणसाने, त्याच दिवशी. ती बाहेर जाईल, झोपेल, काहीही करेल, हिशोब मागायचा नाही. ‘काही लागलं तर सांग’ म्हणून जाणाऱ्याला कोणी कधी काही सांगत नाही.

सुधारणा सगळ्यांत भराभर पहिल्या सहा महिन्यांत दिसते, पण तिथे दार बंद होत नाही. दोन वर्षांपर्यंत आणि नंतरही फरक पडत राहतो. कामावर परतताना पूर्ण पाळी एकदम नको. दिवसाला दोन-तीन तासांपासून, ओळखीच्या आणि ठरावीक कामापासून सुरुवात. जवळपास सोय नसेल तर मुंबईत हाजीअलीला केंद्र सरकारची पुनर्वसन संस्था आहे, १९५५ पासून. तिथे चौकशी करा.

दोन मिनिटं म्हणतायत. कागद. दिव्यांगांच्या २०१६ च्या कायद्यात एकवीस प्रकार आहेत. त्यात ‘डोक्याचा मार’ असं नावच नाही. म्हणून दिव्यांग प्रमाणपत्राचा अर्ज करताना मागे जे उरलंय त्यावर तपासणी मागायची: हातापायाची दुर्बलता, वाचा आणि भाषा, वागणुकीतले किंवा बुद्धीचे बदल, किंवा एकाहून जास्त. बहुतेक सवलतींना चाळीस टक्क्यांची अट आहे. लंगडणं तपासणाऱ्या वैद्यकीय बोर्डाला दिसतं, विसरणं दिसत नाही, तेव्हा ती वही बरोबर न्या आणि मानसशास्त्रज्ञांचा लेखी चाचणी अहवालही. रस्त्यावरचा अपघात असेल तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरणासाठी कायद्यात सहा महिन्यांची मुदत आली आहे. वकिलाकडे पहिल्या महिन्यातच जा. पोलिसांचे कागद, डिस्चार्ज कार्ड, सीटीची फिल्म आणि पहिल्या दिवसाच्या जीसीएसचा आकडा असलेला केसपेपर एकाच फाइलमध्ये ठेवा. तो केसपेपर बहुतेकदा पहिल्या, लहान दवाखान्यातच राहून जातो आणि वर्षभराने मागायला गेलं की सापडत नाही. रुग्ण दाखल असतानाच कोणाला तरी पाठवून त्याच्या तीन झेरॉक्स करून आणा, शिक्क्यासकट.